आभाळ मोकळं पाहिजे

वेखंडे शहापूरहून आले मोटारसायकलवर,
मागे थाळी बांधलेली,
रुखवतातल्या परातीसारखी, प्लास्टिकात.
म्हणाले, वहिनी, आधी आभाळ बघू.

अंगणात मधोमध उभे राहिले, फोन वर धरला
आणि सावकाश गोल फिरले
दृष्ट काढावी तसे.
फोनमध्ये आमचं आभाळ निळं उमटलं.
उत्तरेला मात्र लाल:
चांगुणा उघडेचा मोह.

वीस वर्षं मी त्या झाडाखालून जातेय.
त्याने एवढं आभाळ दाबून ठेवलंय
हे मला ठाऊक नव्हतं.

वेखंडे दोन कंपन्या विकतात.
एकीचे उपग्रह पाचशे किलोमीटरवरून पळतात,
एक गेला की दुसरा, पाळी लावल्यासारखे.
वेग म्हणाल तर पापणी लवायच्या आत.
फक्त मोहाआड गेला की तुटणार,
दोनतीन सेकंद, जास्त नाही.
दुसरीचा एकच.
छत्तीस हजार किलोमीटरवर, दक्षिणेला,
आमच्या नाचणीच्या वावरावर,
जागचा हलत नाही.
तीनशे रुपयांनी स्वस्त. पण बोललेलं
जाऊन यायला अर्ध्या सेकंदाच्या वर.
लोकांना नाही आवडत, वहिनी,
दोन्हीकडून नुसतं हॅलो हॅलो होतं.

आमच्या घरी हॅलो कुणी म्हणत नाही.

हे दरांचा कागद घेऊन पायरीवर बसले.
मी विचारलं, तुटतं म्हणजे चित्र जातं का?
जात नाही, वेखंडे म्हणाले. गोठतं.

गोठलेलं मला माहीत आहे.
निनाद महाप्याला असतो, कारखान्यात,
सर्किटांना डाग देतो.
नाव ठेवलं तेव्हा आम्हाला कळलं नव्हतं
की तो ऐकणार नाही.
बदलू म्हटलं,
पण तोवर नावाने हाक मारणंच सुटलं होतं.
जमिनीवर पाय आपटायचा, तो वळायचा.

दर रविवारी मी फोन घेऊन
टेकडीवरच्या टाकीपाशी जाते. तिथे एक दांडी येते.
त्याचा हात छातीपासून निघतो आणि
हवेत थांबतो,
अर्धा शब्द.
गेल्या महिन्यात तळहात कपाळाजवळ थांबला
आणि फोन गेला.
ताप? की कुणाला सलाम? की घाम पुसत होता?
रात्रभर मी तो हात
वेगवेगळ्या जागी नेऊन ठेवत होते.
सकाळी उलट निरोप आला: मी बरा आहे, का?

दोनतीन सेकंद, जास्त नाही.
दोन सेकंदांत तो
साहेबाची चाल करून दाखवतो.

चांगुणा कुंपणाशी येऊन म्हणाली, फांद्या तोडा की,
औंदा फुलं तरी कुठं धड आली.
वेखंड्यांनी कोयता मागितला.
हे आणायला उठलेसुद्धा.
मी म्हटलं, नको. दुसरी लावा.
झाडासाठी नाही. खोटं कशाला सांगू,
झाड मला नंतर आठवलं.
आणि फांद्या काय, पुन्हा फुटतात.

उशीर चालेल.
त्याचा पहिला शब्द मला पाचव्या वर्षी मिळाला,
अंगठा ओठांशी: पाणी.
पाच वर्षं थांबले तिथे
अर्धा सेकंद काय.
वेखंड्यांनी पावती फाडली. माझ्याकडे बघितलं नाही,
त्यांना पहिलीवर जास्त सुटत असावेत.

रविवारी घरातूनच लावला.
मी हाताने विचारलं, जेवलास?
तो तसाच बघत राहिला,
काही न विचारल्यासारखा.
एवढा वेळ त्याचा चेहरा नुसता बघायला
कधी मिळालाच नव्हता.
मग भुवया वर गेल्या. बोट नाकाशी नेलं,
माझ्या चमकीच्या जागी: आई.
पुढे, जेवलो. भेंडी. वाईट.

कपाळावरच्या हाताचं विचारलं.
त्याला आठवेना. मग हसला,
दोन बोटांची माशी केली,
कपाळावरून उठवली, डोक्याभोवती फिरवली,
चौकटीबाहेर सोडून दिली.

मी ती जाईपर्यंत बघत होते.
तिकडे त्याचा हात
केव्हाच खाली आला असणार.